एका पत्त्यावरचे तीन सर्व्हर

आमच्या सेवेवरचा भार वर्षभर सारखा नसतो. प्रवेश-अर्ज आणि परीक्षांचे निकाल यांच्याशी ती जोडलेली असल्यामुळे एरवी मोजक्या सर्व्हरांवर भागणारे काम निकालाच्या दिवशी काही मिनिटांत कितीतरी पटींनी वाढते आणि रात्रीपर्यंत पुन्हा ओसरते. म्हणून सर्व्हरांची संख्या कमी-जास्त करण्याचे काम आम्ही ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या मुंबई रीजनमधील ऑटो स्केलिंग ग्रुपवर सोपवले आहे. एक ग्रुप वेब सर्व्हरांचा आहे आणि दुसरा पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांचा, म्हणजे गुणपत्रिकांच्या पीडीएफ तयार करणे, एसएमएस पाठवणे इत्यादींचा. भार वाढला की ग्रुप नवे सर्व्हर उभे करतो आणि उतरला की काढून टाकतो. त्यात माणसाचा हात लागत नाही. या सर्व सर्व्हरांचे लॉग, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या ज्या नोंदी ओळीओळीने लिहितात त्या, आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्राममार्फत एका केंद्रीय लॉग सर्व्हरकडे जातात, तेथून इलॅस्टिकसर्च या शोध घेता येणाऱ्या साठ्यात ठेवले जातात आणि आम्ही ते किबाना या त्याच्या पडद्यावर पाहतो. सर्व्हर नाहीसा झाला तरी त्याने लिहिलेले मागे उरावे, हाच या व्यवस्थेचा मुख्य हेतू आहे. परंतु मागे उरलेले लेखन नेमके कोणत्या सर्व्हरचे हे सांगता येत नसेल, तर तो हेतू अर्धाच साध्य होतो.

हे आमच्या ध्यानात आले ते एका निकालाच्या दिवशी. दुपारी काही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तयार होत नव्हत्या आणि लॉगमध्ये डिस्क भरल्याच्या तक्रारी दिसत होत्या. त्या साऱ्या ओळींवर होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचे नाव, एकच होते: आयपी-१०-२०-४-३७. माझ्या सहकाऱ्याने त्या नावाच्या सर्व्हरवर लॉगिन केले, तेव्हा तेथे डिस्क जवळजवळ रिकामी होती, प्रोग्रामची आवृत्ती योग्य होती आणि पीडीएफ तयार करणारा प्रोग्राम तर त्या सर्व्हरवर चालतच नव्हता. लॉग एक सांगत होता आणि समोरचा सर्व्हर दुसरेच.

मी त्या नावाखालच्या दिवसभराच्या सर्व ओळी काढल्या आणि त्रुटींची गाळणी न लावता पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होताना स्वतःची आवृत्ती सांगणारी एक ओळ लिहिते, आणि ती सर्वसाधारणपणे दर बूटला एकदाच येते. या नावाखाली ती तीन वेळा आली होती. प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रामचे, क्रमांक दर बूटला पुन्हा सुरुवातीपासून लागतात; ते चढत चढत मोठे झाले होते, मग अचानक काही शेकड्यांवर उतरले होते, पुन्हा चढले होते आणि पुन्हा उतरले होते. सकाळच्या ओळी एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या होत्या, दुपारच्या पीडीएफच्या कामाच्या आणि त्यानंतरच्या पुन्हा एनजिनएक्सच्या. तो एकच सर्व्हर तीनदा बूट झालेला नव्हता. तीन वेगवेगळे सर्व्हर एकामागून एक त्याच पत्त्यावर येऊन गेले होते आणि केंद्रीय लॉगने तिघांना एकच मानले होते. ज्याची डिस्क भरली होती तो मधला सर्व्हर ग्रुपने कधीच काढून टाकला होता.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. या क्लाउडमध्ये सर्व्हरला आपण वेगळे नाव दिले नाही, तर त्याचे होस्टनेम त्याच्या खासगी आयपी पत्त्यावरून बनते. पत्ता सबनेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या ठरावीक पत्त्यांच्या तुकड्यातून, मिळतो, आणि सबनेट लहान असेल तर तेच पत्ते पुन्हा पुन्हा वाटले जातात. आमचे सबनेट प्रत्येकी ६४ पत्त्यांचे होते. त्यांतील ५ पत्ते ॲमेझॉन स्वतःसाठी राखून ठेवते, म्हणजे वापरण्याजोगे ५९ उरतात. दोन्ही ग्रुप त्याच सबनेटांमध्ये सर्व्हर उभे करत असल्यामुळे वेब सर्व्हरने सोडलेला पत्ता थोड्याच वेळात दुसऱ्या ग्रुपच्या सर्व्हरला मिळू शकत होता. चाळीतल्या एकाच खोलीत दर तासाला नवा भाडेकरू यावा आणि आलेल्या प्रत्येक पत्रावर मात्र फक्त खोलीचा क्रमांक असावा, तशी त्या होस्टनेमची स्थिती होती. वर्दळ जितकी जास्त तितका गोंधळ जास्त, आणि नेमक्या वर्दळीच्याच दिवशी लॉगची सर्वाधिक गरज भासते.

आरसिसलॉगचा पाया असलेल्या सिसलॉग या लॉग-पद्धतीची मूळ कल्पना ज्या काळात घडली, त्या काळात हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामसोबत सिसलॉग लिहिले, तेव्हा संगणकाला माणसे नाव देत असत आणि ते नाव वर्षानुवर्षे टिकत असे. प्रचलित पद्धतीची नोंद २००१ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ३१६४ म्हणून झाली. त्या ओळीत ना वर्ष असते ना टाइमझोन. सुधारित स्वरूप, म्हणजे आरएफसी ५४२४, मार्च २००९ मध्ये आले. त्यात होस्टनेमच्या जागी काय लिहावे याचा पसंतीक्रमच दिलेला आहे: आधी संपूर्ण डोमेन नाव, ते नसेल तर स्थिर आयपी पत्ता, मग नुसते होस्टनेम आणि त्यानंतर बदलता आयपी पत्ता. ॲमेझॉनची ऑटो स्केलिंग सेवा त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाली. ज्या वसंतात लॉगच्या ओळीचा आराखडा पक्का झाला, त्याच वसंतात दोन-चार तास जगणारे सर्व्हर सर्वांच्या आवाक्यात आले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. या पसंतीक्रमात बदलता पत्ता जवळजवळ शेवटी आहे. आमच्या ओळींत होस्टनेम म्हणून जे दिसत होते ते मुळात तेच होते.

पुढची व्यवस्था नीट बसवण्याआधी मागच्या ओळींचे काय करायचे हा प्रश्न होता. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. जपलेल्या ओळींचा धनी सांगता येत नसेल, तर उद्या एखाद्या घटनेचा तपास करताना त्या ओळींच्या आधारे काहीही ठामपणे म्हणता येणार नाही. म्हणून कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणत्या इन्स्टन्सकडे, म्हणजे क्लाउडमधील कोणत्या सर्व्हरकडे, होता याचा तक्ता मागे जाऊन तयार करायचे मी ठरवले.

यासाठी तीन ठिकाणी माहिती मिळते, आणि तिन्हींची मुदत वेगवेगळी आहे. इन्स्टन्सच्या यादीत काढून टाकलेला सर्व्हर साधारण तासभरच दिसतो, त्यामुळे ती यादी जुन्या तपासाला निरुपयोगी ठरते. ऑटो स्केलिंग ग्रुपचा कार्य-इतिहास मागच्या सहा आठवड्यांचा मिळतो. त्यात इन्स्टन्सचा क्रमांक, सुरू होण्याची आणि काढल्याची वेळ आणि कारण असते, पण पत्ता नसतो. क्लाउडट्रेल या खात्यातील कृती नोंदवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेचा इव्हेंट-इतिहास ९० दिवसांचा असतो, आणि सर्व्हर सुरू करण्याच्या त्यातील नोंदीत इन्स्टन्सचा क्रमांक व खासगी पत्ता हे दोन्ही एकत्र सापडतात. म्हणजे आमच्या कामाचा खरा दुवा क्लाउडट्रेलमध्ये होता. त्या नोंदी काढून प्रत्येक इन्स्टन्सचा पत्ता, आरंभ आणि शेवट असा तक्ता केला, आणि लॉगमधील प्रत्येक ओळ तिच्या वेळेनुसार त्यात कोठे बसते ते एका स्क्रिप्टने शोधले. क्लाउडच्या सर्व वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आमच्या जुन्या ओळी भारतीय प्रमाणवेळेत, तेही टाइमझोन न सांगता, लिहिलेल्या होत्या. साडेपाच तासांचा हा फरक प्रत्येक तुलनेत मिळवावा लागला. तो एका ठिकाणी जरी सुटला, तरी ओळ शेजारच्या सर्व्हरच्या आयुष्यात जाऊन पडते आणि वरवर पाहता सारे बरोबरच दिसते. क्लाउडट्रेलच्या ९० दिवसांपलीकडच्या ओळींसाठी कर्नलच्या बूटच्या ओळीलाच सीमारेषा मानले. त्यावरून एक सर्व्हर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला एवढे कळते, क्रमांक कळत नाही. त्या ओळींना आम्ही क्रमांक दिला नाही. अंदाजाने दिलेली ओळख ही ओळख नसण्यापेक्षा घातक असते, असे माझे मत आहे.

या खटाटोपातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सर्व्हर कोण होता हे नंतर विचारून शोधता येते, परंतु ज्याला विचारायचे तो साक्षीदार ठरावीक मुदतीनंतर नाहीसा होतो. त्यामुळे ओळख ही ओळीतच, ओळ लिहिली जातानाच पडली पाहिजे.

ओळख म्हणून काय वापरावे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. इन्स्टन्सचा क्रमांक हा उघड पर्याय होता: आय हे अक्षर, एक आडवी रेघ आणि पुढे सतरा हेक्साडेसिमल चिन्हे (० ते ९ आणि ए ते एफ). आयपी पत्ता फिरून दुसऱ्याकडे जातो, तसा हा क्रमांक जात नाही. मात्र सतरा चिन्हे माणसाच्या लक्षात राहत नाहीत आणि त्यावरून सर्व्हर कोणत्या ग्रुपचा हेही कळत नाही. क्रमांकाची शेवटची सहा चिन्हे पुरेत, असा एक प्रस्ताव होता. मी पूर्ण क्रमांकाचा आग्रह धरला, कारण लॉगमधून उचललेला मजकूर जसाच्या तसा क्लाउडच्या कन्सोलमध्ये, क्लाउडट्रेलमध्ये किंवा खर्चाच्या अहवालात शोधता आला पाहिजे. अर्धवट क्रमांकाने तो दुवा तुटतो. शेवटी होस्टनेमच्या सुरुवातीला ग्रुपचे छोटे नाव आणि नंतर पूर्ण क्रमांक अशी रचना ठरली. डोमेन नावाच्या एका भागात ६३ अक्षरांपर्यंत मुभा असल्यामुळे जागेची अडचण नव्हती. सबनेटच्या पातळीवरच पत्त्याऐवजी इन्स्टन्सच्या क्रमांकावरून होस्टनेम देण्याची सोयही उपलब्ध आहे, आणि ज्यांना ग्रुपचे नाव होस्टनेममध्ये नको असेल त्यांच्यासाठी तोच सर्वांत सोपा मार्ग आहे.

सर्व्हरला स्वतःचा क्रमांक कसा कळतो, हा भाग मला सर्वांत रंजक वाटला. प्रत्येक इन्स्टन्सला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर एक मेटाडेटा सेवा, म्हणजे इन्स्टन्सला स्वतःविषयीची माहिती देणारी सेवा, दिसते. हा पत्ता प्रत्येक इन्स्टन्ससाठी तोच, पण मिळणारे उत्तर ज्याचे त्याला. तेथून क्रमांक, इमेजचा (ज्या साच्यातून सर्व्हर उभा राहतो त्याचा) क्रमांक, इन्स्टन्सचा प्रकार आणि झोन हे सर्व मिळते. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आधी एक टोकन मागावे लागते आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ते हेडरमध्ये पाठवावे लागते. सुरक्षिततेसाठी आम्ही केवळ हीच आवृत्ती चालू ठेवली आहे. ग्रुपचे नाव मात्र आम्ही मेटाडेटातून घेतले नाही. २०२२ पासून टॅग, म्हणजे सर्व्हरला लावलेल्या चिठ्ठ्या, मेटाडेटातून वाचण्याची सोय आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते; आणि प्रत्येक सर्व्हरने क्लाउडच्या एपीआयला स्वतःचे टॅग विचारावेत, तर एकाच वेळी अनेक सर्व्हर उभे राहताना एपीआयची मर्यादा आड येऊ शकते. आमच्या प्रत्येक ग्रुपचा लाँच टेम्प्लेट, म्हणजे सर्व्हर उभा करण्याचा आराखडा, वेगळा असल्यामुळे त्यातील यूजर डेटामध्येच, म्हणजे सर्व्हरला सुरू होताना मिळणाऱ्या मजकुरातच, ग्रुपचे छोटे नाव लिहून ठेवणे पुरेसे होते.

क्रमालाही महत्त्व आहे. आरसिसलॉग आधी सुरू झाले आणि होस्टनेम नंतर बदलले, तर मधल्या ओळी जुन्या नावाने निघून जातात. म्हणून आम्ही सिस्टमडी या लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेचे एक छोटे युनिट लिहिले, जे नेटवर्क उभे राहिल्यावर आणि आरसिसलॉगच्या आधी चालते, क्रमांक मिळवते, होस्टनेम बसवते आणि मगच आरसिसलॉगला वाट मोकळी करून देते. तोवर कर्नलने लिहिलेल्या ओळी जर्नल या सिस्टमडीच्या स्थानिक नोंदवहीत थांबून राहतात आणि नंतर नव्या नावानेच रवाना होतात. आरसिसलॉग सुरू होताच त्यातून पहिली ओळ आम्ही मुद्दाम लिहवून घेतो: क्रमांक, पत्ता, इमेज, प्रकार, झोन. याला आम्ही जन्मनोंद म्हणतो. ज्या तक्त्यासाठी क्लाउडट्रेल पिंजून काढावे लागले, तो आता या नोंदींवरून एका शोधात तयार होतो.

कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यांत, चालणाऱ्या काही कामांच्या बाबतीत मात्र ओळख रिकामी येऊ लागली. तेथे लॉग उचलण्यासाठी फाइलबीट आहे आणि ते स्वतःच मेटाडेटा सेवेकडून क्लाउडची माहिती घेऊन प्रत्येक ओळीला जोडू शकते. परंतु मेटाडेटाच्या उत्तराला नेटवर्कच्या किती टप्प्यांपर्यंत जाऊ द्यायचे याची मर्यादा आमच्या टेम्प्लेटमध्ये १ होती, आणि कंटेनरला सर्व्हरच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज हा एक जादा टप्पा असतो. उत्तर कंटेनरपर्यंत पोहोचतच नव्हते. मर्यादा २ केल्यावर ते पोहोचू लागले. मात्र ही मर्यादा वाढवली की त्या सर्व्हरवरच्या कंटेनरांना मेटाडेटातून सर्व्हरच्या भूमिकेचे अधिकारही मागता येतात. म्हणून ती सरसकट न वाढवता केवळ त्या एका ग्रुपच्या टेम्प्लेटमध्ये वाढवली.

याच सुमारास मशीन-आयडीचा मुद्दाही निघाला. लिनक्समध्ये एटसी निर्देशिकेत मशीन-आयडी नावाची फाइल असते, आणि जर्नलच्या प्रत्येक नोंदीला तो आयडी जोडलेला असतो. होस्टनेमपेक्षा तीच खरी ओळख का मानू नये, असे एकाने विचारले. उत्तर लगेच मिळाले: आमची इमेज चालू सर्व्हरवरून तयार केलेली असल्यामुळे तिच्यातून जन्मलेल्या सर्व सर्व्हरांचा मशीन-आयडी एकच होता. इमेज करताना ती फाइल रिकामी ठेवली, तर पहिल्या बूटला नवा आयडी तयार होतो. ते आम्ही आता करतो. तरीही त्या आयडीवरून क्लाउडच्या कोणत्याही नोंदीपर्यंत जाता येत नाही, त्यामुळे तो मुख्य ओळख होऊ शकत नाही.

नावे सुधारल्यावर केंद्रीय लॉग सर्व्हरवर ताण जाणवू लागला, आणि हा भाग कोणी या वाटेने जाणार असेल तर आधीच लक्षात घेण्याजोगा आहे. आमच्याकडे प्रत्येक होस्टनेमसाठी वेगळी निर्देशिका व तीत वेगळी फाइल अशी जुनी मांडणी होती. नावे जेव्हा पत्त्यांची होती तेव्हा ती फिरून फिरून तीच येत, त्यामुळे निर्देशिकांची संख्या आपोआप मर्यादित राहत असे. आता प्रत्येक नवा सर्व्हर नवी निर्देशिका घेऊन येऊ लागला. शिवाय नावावरून फाइल ठरवताना आरसिसलॉग एका वेळी किती फाइली उघड्या ठेवते याची मूळ मर्यादा १० आहे. त्याहून जास्त सर्व्हर एकाच वेळी लिहू लागले की फाइली सतत उघडल्या-मिटल्या जातात. मर्यादा वाढवून हे सावरता आले असते, पण मांडणीच बदलणे मला अधिक योग्य वाटले. आता फाइल ग्रुप आणि तारीख यांवरून ठरते आणि सर्व्हरची ओळख ओळीच्या आत असते. इलॅस्टिकसर्चमध्येही तोच नियम पाळला: इन्स्टन्सचा क्रमांक ही ओळीतील एक फील्ड, इंडेक्सच्या, म्हणजे नोंदींच्या संचाच्या, नावाचा भाग नव्हे. प्रत्येक सर्व्हरसाठी इंडेक्स केला असता, तर शार्डांची, म्हणजे इंडेक्सच्या तुकड्यांची, संख्या काही दिवसांत हाताबाहेर गेली असती.

ओळीतील होस्टनेम हे पाठवणाऱ्याने स्वतः सांगितलेले असते, त्यामुळे त्यावर पूर्ण विश्वास टाकणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही. म्हणून ओळ प्रत्यक्षात कोणत्या पत्त्यावरून आली ते लॉग सर्व्हर वेगळ्या फील्डमध्ये नोंदवतो. जन्मनोंदीतील पत्ता आणि हा पत्ता जुळत नसेल, तर ती ओळ तपासणीसाठी बाजूला काढली जाते.

सूचनांची पद्धतही बदलावी लागली. एखाद्या सर्व्हरकडून दहा मिनिटे ओळ आली नाही तर सूचना द्यावी, असा नियम होता. भार ओसरताना ग्रुप जितके सर्व्हर काढेल तितक्या सूचना या नियमाने येणार, हे उघड होते. मुद्दाम काढलेला सर्व्हर आणि अचानक बंद पडलेला सर्व्हर यांत भेद करण्यासाठी ग्रुपचे आरंभ आणि समाप्तीचे इव्हेंट आम्ही इव्हेंटब्रिज या ॲमेझॉनच्या इव्हेंट पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत त्याच केंद्रीय लॉगमध्ये आणले. त्यात क्रमांक, ग्रुप आणि कारण हे सर्व असते. ज्या शांत सर्व्हरसाठी समाप्तीचा इव्हेंट आलेला नाही, त्याचीच आता सूचना येते.

शेवटचा भाग सर्व्हरच्या अखेरच्या ओळींचा होता. ग्रुपने सर्व्हर काढायचे ठरवले की आरसिसलॉगच्या रांगेत थांबलेल्या ओळी त्याच्याबरोबरच जाऊ शकतात, आणि तपासाला बहुधा त्याच ओळी हव्या असतात. यासाठी ग्रुपवर लाइफसायकल हुक लावला. हुक असेल तर सर्व्हर काढण्याआधी थांबवून धरला जातो. ही मुदत मुळात ३,६०० सेकंदांची असते, आम्ही ती बरीच कमी केली. तेवढ्या अवधीत सर्व्हर नवे काम घेणे बंद करतो, रांग रिकामी करतो, मृत्युनोंदीची एक ओळ पाठवतो आणि मग स्वतःच ग्रुपला पुढे जाण्याची परवानगी देतो. स्पॉट इन्स्टन्सच्या, म्हणजे क्लाउड केव्हाही परत मागू शकतो अशा स्वस्त सर्व्हरांच्या, बाबतीत ही मोकळीक नाही. क्लाउडने जागा परत मागितली की दोन मिनिटांची पूर्वसूचना मिळते आणि हुकने ती वाढत नाही, म्हणून तेथे रांग मुळातच लहान ठेवली आहे. हार्डवेअर निकामी होऊन सर्व्हर गेला तर मृत्युनोंद येत नाही. तेव्हा जन्मनोंद, शेवटची मिळालेली ओळ आणि इव्हेंटब्रिजमधील समाप्तीची वेळ या तिन्हींवरून त्याचा काळ ठरवतो, आणि शेवटची ओळ व समाप्ती यांमधील अंतर त्या इन्स्टन्सच्या क्रमांकापुढे तसेच मोकळे सोडतो.